संग्रहालयातल्या शंभर वर्षं जुन्या उंदराचा तुकडा मागायचाय, अर्ज कसा लिहू?

द्राक्षवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या, आमच्या घरीही सगळे हसतात. आईने कॉलनीत सांगून ठेवलंय की मुलगी उंदरांची पीएचडी करते. खोटं नाही ते.

नाशिकमध्येच प्राणिशास्त्रात पीएचडी चालू आहे, तिसरं वर्ष. विषय आहे काटेरी केसांचे लहान उंदीर. घरातला उंदीर नव्हे. हा माळरानावरचा, पाठीवरून उलटा हात फिरवला की केस टोचतात. मनमाड, नांदगाव, येवला या कोरड्या पट्ट्यात मिळतो. बिळाच्या तोंडाशी बारीक खडे आणून ठेवायची खोड आहे त्याला. आमच्या भागात मस प्लॅटिथ्रिक्स आणि मस सॅक्सिकोला अशा दोन जाती असायला हव्यात, पण हातात घेऊन कुठली कोणती सांगा म्हटलं की भल्याभल्यांची तंतरते. म्हणून डीएनए.

मला बघायचंय ते एवढंच: कालवे, ऊस, मग द्राक्षबागा येण्याआधी इथल्या उंदरांत जेवढी विविधता होती तेवढी आज उरली आहे का? आजचे नमुने माझ्याकडे आहेत. जुने कुठून आणू? तर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं, ते १९२३ पर्यंत चाललं, आणि त्याचा पहिला अहवाल आपल्या शेजारच्या खानदेशचा आहे. म्हणजे दारणा धरणाच्याही (१९१६) आधीचे उंदीर! त्या काळातल्या स्किन्स (सोलून, वाळवून, भरून ठेवलेली कातडी) आज वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. त्यातल्या एका संग्रहालयाला (नाव विचारू नका) मी पत्र पाठवलं. मूळ इंग्रजीत होतं, सार असं:

"आपल्या संग्रहातील पश्चिम भारतातील सर्व काटेरी उंदरांच्या कानाचा प्रत्येकी एक तुकडा डीएनए अभ्यासासाठी मिळावा ही नम्र विनंती."

दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. विनंती सध्याच्या स्वरूपात विचारात घेता येत नाही. बस. कारण नाही, काही नाही. गाइड म्हणतात दुसरीकडे बघ. कोणी असा अर्ज केला आहे का? माझं काय चुकलं?

कांदाचाळ

ताई, जुने कशाला, माझ्या चाळीत या. हवे तितके न्या, वर चहा पाजतो. येवल्यापासून बारा किलोमीटर.

द्राक्षवेल

दादा, चाळीतल्या त्या घुशी. माझे उंदीर कांदा खायला येत नाहीत, बांधावरच राहतात. पण बांधावर बिळाशी खडे दिसले तर फोटो टाका, खरंच येईन.

सरळमार्गी

कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या उंदरावर सरकारी फेलोशिप? नाशिकमध्ये रस्त्यावर खड्डे आहेत हो. द्वारका चौकात एकदा उभे राहून बघा.

गोदाकाका

आला खड्डा! कुठलाही धागा असो, याचा खड्डा ठरलेला.

पिपेटवाली

@सरळमार्गी, उपयोग विचारलाच आहे तर एक सांगते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून मरायला लागली. हंताव्हायरस निघाला, आणि तो पसरवत होता रानातला एक साधा उंदीर. विषाणू नवा आला की आधीपासूनच होता, हा पहिला प्रश्न. उत्तर मिळालं न्यू मेक्सिकोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात. तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं उंदरांच्या ऊती फ्रीजरमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. साथीच्या आधीच्या त्या तुकड्यांतही विषाणू सापडला. ठेवणाऱ्याला तेव्हा हंता हा शब्दही माहीत नसेल. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगमधले चार उंदीर कोणी नीट राखून ठेवले असते, तर आज त्यांना सोन्याचा भाव असता.

वेल, तुझ्यासाठी सविस्तर लिहिते, जरा लॅबमधून घरी पोचू दे.

पेंढाभऱ्या

वेलताई, मी अठ्ठावीस वर्षं एका संग्रहात काढली. क्युरेटर नव्हतो, त्यांच्या हाताखालचा. कपाटं उघडायची, डांबरगोळ्या बदलायच्या, कातडी सोलायची, भरायची (नाव उगाच घेतलेलं नाही) आणि असे अर्ज फायलीला लावायचे. तुमचं पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर साहेबांकडे नेण्याआधीच मी मान हलवली असती. रागावू नका, का ते सांगतो.

पहिलं म्हणजे "सर्व". हा शब्द वाचला की कळतं, हिने आमचा कॅटलॉग पाहिलेला नाही. तुमच्या "सर्व"मध्ये चाळीस उंदीर असतील नाहीतर चारशे. ते मोजायचं काम तुम्ही आमच्यावर टाकलंत. दोन माणसं आणि पन्नास कपाटं असलेल्या जागी असं पत्र आपोआप तळाला जातं.

दुसरं, कान. अहो, कान म्हणजे उंदराचं आधार कार्ड! पकडल्या पकडल्या चार मापं घेतात: डोकं आणि धड, शेपूट, मागचा पाय, कान. वाळल्यावर कान आकसतो, चुरमुऱ्यासारखा होतो, तरी ओळखायला येणारा पहिला तोच बघतो. मागच्या तळव्यावरच्या बारक्या गाद्या, शेपटी, सगळ्याचं तेच. तुम्ही कान मागितलात याचा अर्थ समोरच्याने असा काढला की हिला उंदीर ओळखता येत नाही. तसं नसेल, पण कागदावर तसंच दिसलं.

मग मागायचं काय? ट्रे डोळ्यांसमोर आणा. एक स्किन म्हणजे आत कापूस, शेपटीत तार, पुढचे पाय पुढे नि मागचे मागे ताणून बसवलेले, पोटावर टाके, मागच्या पायाला दोऱ्याने लेबल. कवटी आत नसते. ती वेगळी साफ करून त्याच नंबराने काचेच्या नळीत ठेवतात. आता ती नळी उजेडात धरा. जबड्याच्या सांध्यापाशी, कवटीच्या मागच्या खोबणीत वाळलेल्या मांसाचे पिवळट कण चिकटलेले दिसतील. साफ करणाऱ्याचा कंटाळा! पण आज त्याच कंटाळ्यावर तुमची पीएचडी होईल. चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा कण निघाला, तर स्किनला हातही लावावा लागत नाही आणि कवटीचं मापही बदलत नाही. असा कण नसेल तर नाकपोकळीतली पापुद्र्यासारखी हाडं. तीही नको म्हणाले तर पोटाच्या टाक्यालगतची एक-दोन मिलिमीटरची पट्टी, नाहीतर एखादं नख. अर्जात याच क्रमाने लिहा. "ज्याने नमुन्याचं सर्वांत कमी नुकसान होईल ते आपण ठरवावं" असंही लिहा. साहेब लोक या एका वाक्यावर विरघळतात. (पक्ष्यांचं कोणी विचारलं तर पायाच्या बोटाखालच्या गादीची बारीक खपली काढतात.)

टाइप, म्हणजे ज्या नमुन्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं तो, त्याचं नावही काढू नका. अगदीच दुसरा इलाज नाही हे सिद्ध करता आलं तर वेगळी गोष्ट.

आणि मुख्य म्हणजे, तुकडा द्रावणात विरघळला की संपला. १९११ चा उंदीर धरायला आता कोणी १९११ मध्ये जाणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका घुबडाच्या पायाची सगळी बोटं तीन वेगवेगळ्या प्रकल्पांनी खरवडली, आणि तिघांपैकी दोघांचा निकाल कधी आलाच नाही. चौथा अर्ज आला तेव्हा साहेबांनी कपाटाला कुलूप घातलं. चौथ्या पोराचा काही दोष नव्हता. म्हणून विचारतात, बाई, आधी ताज्या उंदरावर तुझी पद्धत चालते का ते दाखव, मग आमचा खर्च कर.

हातमोजे घाला. जुन्या स्किन्सना आतून आर्सेनिकचा साबण लावलेला असतो. टाक्यांपाशी पांढरी पूड दिसली तर ती रांगोळी नव्हे.

गोदाकाका

पेंढेसाहेब, नुसत्या प्रतिसादाला मिसळ देता आली असती तर दिली असती. एक्स्ट्रा तर्री.

द्राक्षवेल

काका, आता लाज वाटतेय. कान मागितला तो केवळ जिवंत उंदराच्या कानाचा छोटा तुकडा घेतात म्हणून, हाताला सवय ती. वाळलेल्याचा विचारच केला नाही.

एक शंका: स्किन इतकी मौल्यवान असेल तर स्पिरिटच्या बरण्यांतले उंदीर मागू का? मांस तर भरपूर असतं त्यात.

पिपेटवाली

घरी पोचले, जेवले, आता लिहिते.

बरणी बघून फसू नकोस. बरणीत आज अल्कोहोल असलं तरी त्याआधी उंदीर फॉर्मॅलिनमध्ये बुडवून घट्ट केलेला असतो. फॉर्मॅलिन डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना अशी जखडून टाकतं की नंतर सोडवता सोडवत नाही. काही लॅब सोडवतात, पण ते तुझ्या पहिल्या प्रकल्पाचं काम नव्हे. गंमत म्हणजे फॉर्मॅलिनचा हा वापर १८९३ नंतर रूढ झाला. त्यामुळे १८८० ची निव्वळ दारूतली बरणी कधीकधी १९८० च्या बरणीपेक्षा बरी निघते. बरणी मागायचीच असेल तर आधी विचार: फॉर्मॅलिन लागलंय का, नोंद आहे का?

कोरडी स्किन बरी. संग्रहालयातल्या वाळक्या मांसातून डीएनए निघतो हे १९८४ पासून माहीत आहे. तेव्हा क्वागाच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या त्या नामशेष झेब्र्याच्या, सुमारे १४० वर्षं जुन्या कातड्याला चिकटलेल्या स्नायूतून तो काढला होता. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये मेला. त्याच वर्षी इकडे मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली, हे आपलं अवांतर.

पण निघतो तो चुरा असतो. सायटोक्रोम बी हे जनुक तू ताज्या उंदरात सुमारे ११४० अक्षरांचं सलग वाचत असशील. १९११ च्या उंदरात शंभर अक्षरांचा तुकडा सलग मिळाला तरी पेढे वाट. म्हणजे नेहमीचे प्रायमर (डीएनएचा कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) चालणार नाहीत. एकतर एकमेकांवर थोडे चढणारे छोटे छोटे तुकडे वाढव, नाहीतर नव्या पद्धतीने सगळा चुराच वाचून घे आणि संगणकावर जोड. अर्जात यातलं काय करणार ते स्पष्ट लिही. "डीएनए अभ्यासासाठी" या दोन शब्दांवर कोणी काही देणार नाही, मीही दिलं नसतं.

आणि वेल, तुझ्या बाबतीत एक जास्तीचा धोका आहे. तुझा प्राणी मस. शेजारच्या लॅबमधले पांढरे उंदीर, तेही मस! ज्या इमारतीत पांढरे उंदीर पाळलेत, ज्या टेबलावर रोज उंदराचा डीएनए कोटींच्या संख्येने वाढवला जातो, तिथे हा जुना कण उघडलास तर तुला सुंदर, स्वच्छ, लांबलचक निकाल मिळेल. तो निकाल शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदराचा असेल. मी स्वतः ससाणा म्हणून कोंबडी वाचलेली आहे (डबा त्याच खोलीत खायची सवय होती एकाला), तीन आठवडे वाया गेले. म्हणून जुन्या नमुन्यांची खोली वेगळी, हवा वेगळी, कपडे वेगळे. सकाळी जुनं, दुपारी ताजं. उलटं कधीच नाही. प्रत्येक खेपेला एक नळी रिकामी चालवायची, त्यात काही उगवलं तर सगळं फेकून द्यायचं. जुन्या डीएनएच्या टोकांना सी या अक्षराच्या जागी टी वाचला जातो. ती खूण दिसली की माल खरोखर जुना आहे असा विश्वास ठेव. तुमच्याकडे अशी खोली नसेल तर हैदराबादला, पुण्याला, बंगळुरूला कोणाशी तरी हातमिळवणी कर आणि त्या लॅबचं पत्र अर्जाला जोड.

कलमबहाद्दर

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक इथेच गोंधळ घालतात.

संग्रहालयाने दिलं म्हणजे झालं असं नाही. जैवविविधता कायदा, २००२ (२०२३ मध्ये दुरुस्त) नीट वाचा. ऊतीचा तुकडा देशाबाहेर पाठवायचा म्हटलं की प्रकरण चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जातं. ताईंना सीक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) भारतातच करता येतं, मग परदेशातल्या मित्राला "जरा चालवून दे" म्हणून पाकीट पाठवू नका. कुरियरवाला घेईलही, पण उद्या शोधनिबंध छापताना परवानगीचा क्रमांक विचारतात तेव्हा काय लिहाल?

ताजे प्राणी धरायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. याच्या परिशिष्टांची २०२२ च्या दुरुस्तीत पूर्ण फेरमांडणी झाली, त्यामुळे जुनं पुस्तक बघून "उंदीर आहे, चालतो" असं स्वतःच ठरवू नका. वनविभागाला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. वन्यजीवांच्या संशोधन परवानग्या नागपूरच्या कार्यालयातून येतात, वेळ हाताशी ठेवा. जिवंत प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी वेगळी.

टेंपोट्रॅव्हलर

मग रस्त्यावर मेलेलं उचललं तर? घोटी-सिन्नर रस्त्याला रोज काहीतरी चिरडलेलं असतं. परवा रानमांजर होतं. संशोधकांना देता येईल ना?

कलमबहाद्दर

नाही! हात लावू नका. संरक्षित प्राणी मेला तरी तो सरकारची मालमत्ता. फोटो काढा, जागा नोंदवा, वनविभागाला फोन करा. त्यांच्याकडून रीतसर ऊती संग्रहात जाऊ शकते. तुमच्या डिकीतून नाही.

रानपिंगळा

उंदरांच्या धाग्यात पक्षी आणतोय, माफी. पण लेबलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

माझं नाव ज्याच्यावरून घेतलं तो रानपिंगळा, एक छोटं घुबड, आपल्या शेजारचाच. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ मध्ये खानदेशात शेवटचे नमुने गोळा झाले आणि मग पक्षी गायब. मध्ये १९१४ चा एक नमुना होता, कर्नल माइनर्ट्झहागनच्या नावावर, गुजरातेतला. लोक वर्षानुवर्षं तिकडे शोधत राहिले. १९९० च्या दशकात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली ती स्किन उघडून तपासली. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलीच जुनी स्किन लांबवून, पुन्हा भरून, नवं लेबल लावलं होतं! पेंढाभरे काका खूश होतील: चोरी पकडली ती भरणीवरून. जुन्या भरणाऱ्याच्या हाताच्या खुणा आत शिल्लक होत्या. मग त्यांनी खोटं लेबल बाजूला ठेवलं, खऱ्या लेबलांवरच्या जागी गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! ११३ वर्षांनी.

म्हणून तुकडा मागण्याआधी लेबल वाचून या. लेबल खोटं किंवा गोलमाल असेल तर डीएनए कितीही शुद्ध निघो, कुठल्या गावचा उंदीर म्हणून सांगणार?

पेंढाभऱ्या

खूश झालो! प्रत्येकाची भरणी वेगळी असते हो. मी स्वतः भरलेला प्राणी आजही मान बघून ओळखीन.

रानपिंगळा म्हणतात ते शंभर टक्के. ताई, एक दिवस स्वतः जा. तुकडा मागायला नाही, फक्त बघायला. बघायची परवानगी सहज मिळते. कॅटलॉग नंबर उतरवून घ्या, कवटी नळीत आहे का, कण चिकटलेत का, लेबलावर काय आहे. अर्जात लिहा की मी अमुक तारखेला येऊन पाहिलं. असा अर्ज वर्षात एखादा येतो.

सरळमार्गी

हंताचं वाचलं. ठीक आहे, मागे घेतो. खड्ड्यांचं मागे घेत नाही.

द्राक्षवेल

(चार महिन्यांनी)

धागा वर काढतेय. जाऊन आले, दोन दिवस बसले. काकांनी सांगितलेला ट्रे जसाच्या तसा समोर आला, टाक्यांसकट. खण उघडला की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या पुस्तकांचा मिळून एक वास येतो, अजून ओढणीला आहे. सगळ्यांत हलवून टाकलं ते एका कवटीने. पिवळी, माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, नळीत कापसावर. जबड्यामागे मोहरीच्या दाण्याएवढा कण. १९११ मध्ये कोणाच्या तरी हातून तो काढायचा राहून गेला आणि मी पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले.

यादीत सदतीस उंदीर होते. जागा आणि तारीख नीट असलेले एकोणीस. त्यातही माझ्या पट्ट्याला लागून असलेले अकरा, आणि कवटीला कण असलेले सहा. सहाच मागितले. नवा अर्ज साधारण असा:

"माझ्या प्रश्नासाठी १९१६ पूर्वीचे नमुने लागतात, कारण त्यानंतर या भागात सिंचन वाढत गेलं. सोबतच्या सहा क्रमांकांचे नमुने मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. कवटीला चिकटलेला वाळका कण पुरेल. स्किनला हात लावण्याची गरज नाही. कण पुरेसा नसल्यास तो नमुना वगळावा. हीच पद्धत मी आधी आमच्याच विभागातल्या, १९७० च्या दशकातल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या चार बेवारस उंदरांवर करून पाहिली. चारपैकी तिघांत यश आलं, निकाल जोडला आहे. काम जुन्या डीएनएसाठी वेगळी खोली असलेल्या प्रयोगशाळेत होईल, त्यांचं पत्र जोडलं आहे. उरलेला डीएनए परत करीन, तिसऱ्या कोणाला देणार नाही. सीक्वेन्स जेनबँकेत (सर्वांना खुल्या डीएनए-संग्रहात) आपल्या कॅटलॉग क्रमांकासह ठेवीन आणि निबंधातही तेच क्रमांक छापीन. माझे आजचे नमुने, ऊतींसह, आपल्या संग्रहात जमा करायची तयारी आहे."

शेवटचं वाक्य पिपेटवालीचं. तिने व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलं की नुसतं मागू नकोस, काही ठेवूनही ये.

उत्तर तीन आठवड्यांत आलं! सहापैकी पाच मंजूर. चारपैकी जो एक फसला त्याबद्दल समितीने दोन प्रश्न विचारले (फॉर्मॅलिन लागलं असणार, आमच्याकडे नोंदच नाही). फसलेला लपवला नाही हे बरं केलं असं क्युरेटर मॅडम फोनवर म्हणाल्या. पहिल्या वेळी नकाराचं कारण का दिलं नव्हतं, ते मात्र विचारायचा धीर झाला नाही.

सहावा अडलाय लेबलावर. गाव लिहिलंय पिंपळगाव, पुढचा शब्द पुसलेला. उंची ११०० फूट. मॅडम म्हणतात जागा सांगा, मग बघू.

गोदाकाका

नाशिककराला पिंपळगाव विचारता? बसवंत! दुसरं कुठलं?

टेंपोट्रॅव्हलर

काका, महाराष्ट्रात दगड मारला तर पिंपळगावाला लागतो.

रानपिंगळा

बसवंत नाही. नाशिकच एकोणीसशे फुटांच्या वर आहे, निफाडचं पिंपळगाव अकराशेवर कसं येईल? अकराशे म्हणजे पठार सोडून खाली गिरणेच्या खोऱ्यात. चाळीसगाव साधारण तेवढ्या उंचीवर आहे. पाचोऱ्याकडे पिंपळगाव हरेश्वरही आहे.

पेंढाभऱ्या

गावाच्या नावावर भांडू नका. लेबलावर दोन नंबर असतात. एक संग्रहालयाचा, दुसरा पकडणाऱ्याचा स्वतःचा, वहीतला. दुसरा बघा. तो माणूस रोज क्रमाने नंबर टाकत जायचा. आधीचा आणि नंतरचा प्राणी, मग तो उंदीर असो नाहीतर वटवाघूळ, कुठला आहे ते काढा.

द्राक्षवेल

काका!!! आत्ता कॅटलॉगच्या फोटोंत शोधलं. आधीचा नंबर एक खार, आदल्या दिवशीची, चाळीसगाव. नंतरचा एक चिचुंद्री, दुसऱ्या दिवशीची, पुन्हा चाळीसगाव. म्हणजे तळ चाळीसगावला आणि सापळे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर.

कांदाचाळ

माझे मामा चाळीसगावचे. त्या काळी बैलगाडीने एका दिवसात जाऊन यायचं तर जवळपासचंच गाव. मामाला विचारून कळवतो जवळपास पिंपळगाव कुठली कुठली ते.

द्राक्षवेल

मॅडमना कळवलं. "चाळीसगाव परिसर, नेमकं गाव अनिश्चित" अशी नोंद त्यांनी त्यांच्याही कॅटलॉगमध्ये पेन्सिलीने केली, आणि सहावा मंजूर. दादा, मामांना तरी विचाराच, मला आता झोप लागणार नाही.

मंगळवारी आणायला जातेय. सहा छोट्या नळ्या, झाकणाला आतून रबर असलेल्या, आजच घेतल्या.

पेंढाभऱ्या

नळ्या कोऱ्या, न उघडलेल्या पाकिटातल्याच घ्या. चिमटा दर नमुन्याला नवा, नाहीतर ब्लीचने पुसून, ज्योतीवर धरून. आणि नंबर नळीच्या बाहेर मार्करने लिहिलात तरी आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. अल्कोहोल सांडलं की मार्कर पहिला जातो. माझ्या हातून गेलेत असे अकरा नंबर, १९८९ साली, नावं अजून पाठ आहेत.